दुभंगलेल्या संसारांचा कथाकार

इंग्रजी कादंबरीकार फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांचा जन्म १७ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. त्यांचे मूळ नाव फोर्ड हरमन ह्यूफर. वडील जर्मनीतून आलेले संगीत समीक्षक, तर आजोबा, म्हणजे आईचे वडील, विख्यात चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन. विशी गाठण्याआधीच फोर्ड यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे जोसेफ कॉनरॅड यांच्यासमवेत त्यांनी कादंबरीलेखन केले. १९०८ मध्ये 'द इंग्लिश रिव्ह्यू' हे मासिक काढून हार्डी, हेन्री जेम्स यांच्या पंगतीला त्यांनी डी. एच. लॉरेन्स या अज्ञात तरुणाला बसविले.

साहित्यातील ही दृष्टी संसारात मात्र कामी आली नाही. १८९४ मध्ये वधूच्या आईवडिलांचा विरोध डावलून त्यांनी एल्सी मार्टिनडेल यांच्याशी विवाह केला होता. लेखिका व्हायलेट हंट त्यांच्या आयुष्यात आल्यावर एल्सी यांनी घटस्फोट नाकारला. मुलींच्या पोटगीसंबंधीचा न्यायालयाचा आदेश न पाळल्याने १९१० मध्ये फोर्ड यांना काही दिवस तुरुंगवासही घडला.

या होरपळीनंतर १९१५ मध्ये 'द गुड सोल्जर' प्रकाशित झाली. जर्मनीतील नाऊहाइम या आरोग्यस्थळी दोन सुखवस्तू दांपत्यांचा नऊ वर्षे जपलेला स्नेह, आणि त्याखाली दडलेली वासना व प्रतारणा हा तिचा विषय. फसवला गेलेला पतीच निवेदक आहे. तो आठवेल तसे, मागेपुढे सांगत जातो. त्यामुळे त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न वाचकाला अखेरपर्यंत छळतो. फोर्ड यांनी योजलेले 'द सॅडेस्ट स्टोरी' हे नाव युद्धकाळात प्रकाशकाला रुचले नाही. फोर्ड यांनी उपरोधाने सुचविलेले नवे नावच कायम झाले.

त्याच वर्षी चाळिशी ओलांडलेले फोर्ड स्वतः सैन्यात दाखल झाले. १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर तोफगोळ्याच्या स्फोटाने काही काळ त्यांची स्मृती हरपली. १९१९ मध्ये त्यांनी जर्मन आडनाव टाकले. युद्धाच्या अनुभवातून 'परेड्स एंड' ही चार कादंबऱ्यांची मालिका साकारली. पॅरिसमधून १९२४ मध्ये काढलेल्या नियतकालिकात त्यांनी हेमिंग्वे यांनाही स्थान दिले.

२६ जून १९३९ रोजी फ्रान्समधील दोव्हिल येथे त्यांचे निधन झाले. हयातीत इतरांना पुढे आणणारा हा लेखक स्वतः बराच काळ उपेक्षित राहिला. आज 'द गुड सोल्जर' विसाव्या शतकातील श्रेष्ठ इंग्रजी कादंबऱ्यांत गणली जाते.