जिनो बार्ताली : पडद्याआडचा सायकलवीर

आषाढात सेलूकडील शेतकरी पेरणी आटोपून आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याच दिवसांत युरोपात 'टूर द फ्रान्स' ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत चाललेली असते. आज सेलूत बसूनही सायंकाळी दूरचित्रवाणीवर किंवा मोबाईलवर ती पाहता येते. घाट चढणाऱ्या स्पर्धकाच्या कपाळावरील घाम दिसतो, दोघांमधील अंतर सेकंदासह पडद्यावर उमटते. या शर्यतीचा शेवट दूरचित्रवाणीवर प्रथम थेट दिसला तो २५ जुलै १९४८ रोजी, पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्स मैदानातून. संच असलेली घरे तेव्हा फारच थोडी. त्या दिवशी विजेते ठरलेले इटालियन गृहस्थ म्हणजे जिनो बार्ताली.

त्यांचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी फ्लॉरेन्सजवळील पोन्ते आ एमा या गावी एका कष्टकरी कुटुंबात झाला. मुलगा शाळकरी वयातच सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागला आणि तेथूनच शर्यतीकडे वळला. १९३६ साली 'जिरो द'इतालिया' ही इटलीची मोठी शर्यत त्यांनी जिंकली. परंतु त्याच जून महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ जूलियो शर्यतीतील अपघातात मृत्यू पावला. बार्ताली सायकल कायमची सोडण्याच्या विचारात होते. पुढे ते सावरले आणि कार्मेल संघाचे प्रापंचिक सभासद झाले. लोक त्यांना 'धार्मिक जिनो' म्हणू लागले, काही आदराने, काही थट्टेने. १९३८ साली त्यांनी 'टूर द फ्रान्स' जिंकली. विजय मुसोलिनीच्या चरणी अर्पण करावा अशी तेव्हा सत्ताधाऱ्यांची अपेक्षा असे. बार्ताली यांनी ते केले नाही.

मग महायुद्ध आले व शर्यती थांबल्या. १९४३ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतला आणि यहुदी बांधवांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी त्यांना मठांतून आसरा देण्याचे काम गुप्तपणे चालविले होते. १९४० साली बार्ताली यांचा विवाह याच कार्डिनल महोदयांनी लावला होता. त्यांच्या सांगण्यावरून बार्ताली सायकलीच्या पोकळ नळीत छायाचित्रे व कागदपत्रे दडवून फ्लॉरेन्स ते असिसी अशा फेऱ्या करीत. हे अंतर सेलूहून छत्रपती संभाजीनगर गाठण्यापेक्षाही अधिक आहे. असिसीत लुईजी ब्रिझी हे मुद्रक आपल्या मुलासह बनावट ओळखपत्रे छापत. वाटेत सैनिकांनी अडविले तर सरावाला निघालो आहे, हे उत्तर तयार. प्रसिद्ध खेळाडूवर कोण संशय घेणार! तरीही १९४४ साली फॅसिस्टांनी त्यांना पकडून कसून चौकशी केली. गोल्डनबर्ग नावाच्या यहुदी कुटुंबाला त्यांनी फ्लॉरेन्समध्ये लपवून ठेवले होते, याची साक्ष त्या कुटुंबातील मुलाने मोठेपणी दिली. असिसीच्या फेऱ्यांच्या तपशिलांबद्दल अलीकडे काही इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. अशा कामाचा कागद मागे ठेवणे म्हणजे मरणच ओढवून घेणे होते, हेही विसरता येत नाही.

युद्ध संपले तेव्हा त्यांची तारुण्याची वर्षे निघून गेली होती. फाउस्तो कोप्पी हा पाच वर्षांनी लहान प्रतिस्पर्धी आता पुढे होता आणि अवघी इटली या दोघांत विभागली होती. १९४८ च्या 'टूर'मध्ये तर बार्ताली लुईझाँ बोबे यांच्या एकवीस मिनिटे मागे पडले. १४ जुलै, विश्रांतीचा दिवस. रोममध्ये कम्युनिस्ट नेते तोग्लियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप व दंगली उसळल्या. त्या रात्री पंतप्रधान दे गास्पेरी यांनी बार्ताली यांना दूरध्वनी करून विजयाची विनंती केली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी कान ते ब्रियाँसाँ हा २७४ किलोमीटरचा टप्पा होता, वाटेत इझोआर घाट. चौतिसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरलेले बार्ताली एकटेच पुढे निघून गेले. सायंकाळी बोबे यांची आघाडी मिनिटाभरावर आली होती, आणि पुढच्या दिवशी पिवळा अंगरखा बार्ताली यांच्या अंगावर आला. दोन विजयांमध्ये दहा वर्षांचे अंतर अन्य कोणाही विजेत्याच्या वाट्याला आलेले नाही. या शर्यतीने इटलीतील यादवी टाळली, ही मात्र अतिशयोक्ती वाटते. खुद्द तोग्लियात्ती यांनी अनुयायांना शांत राहण्यास सांगितले होते. पण रेडिओभोवती जमलेले लोक त्या संध्याकाळी हसले असतील, एवढे मानायला हरकत नसावी.

इटलीत जानेवारी १९५४ मध्ये नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्याच सुमारास बार्ताली यांची कारकीर्द संपली. त्यांचे बहुतेक घाट कोणाच्याही कॅमेऱ्यात नाहीत. युद्धकाळातील कामाविषयी तर ते घरातही फारसे बोलत नसत. मुलगा आंद्रेआ याला थोडेफार सांगितले, तेही बाहेर न बोलण्याच्या अटीवर. ५ मे २००० रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. कार्मेल संघाचा झगा घालून त्यांना मूठमाती देण्यात आली.

२०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने यहुदींचे प्राण वाचविणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नोंदविले. जून २०२४ मध्ये 'टूर द फ्रान्स' प्रथमच इटलीतून निघाली, आणि ती निघाली त्यांच्याच फ्लॉरेन्सहून.