वकिलांचा जन्मभराचा अभ्यास

सनद हाती पडली की वकिलाचा अभ्यास संपला, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. ती किती चुकीची आहे, हे न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या चरित्रावरून ध्यानी येईल.

तेलंग यांचा जन्म ऑगस्ट 1850 मध्ये मुंबईस झाला. एम. ए. व एलएल. बी. होऊन 1872 साली ते मुंबई हायकोर्टात ॲडव्होकेट झाले. एवढ्यावर पुष्कळांनी ग्रंथ मिटले असते; तेलंगांचा व्यासंग येथून वाढला. हिंदू कायद्याचे दावे त्या काळी बहुधा इंग्रजी भाषांतरांच्या आधारे चालत. तेलंग मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ मूळ संस्कृतातून वाचीत. त्यांच्या युक्तिवादास वजन आले ते त्यामुळेच. वकिली सांभाळून त्यांनी 1875 साली भगवद्गीतेचे इंग्रजी पद्य भाषांतर व 1882 साली मॅक्स म्युल्लर यांच्या ग्रंथमालेसाठी गद्य भाषांतर केले. 1885 साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ते होते. 1889 साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1892 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. न्यायासनावरही जुनी वचने व चालू लोकव्यवहार यांचा मेळ घालण्याचा त्यांचा यत्न असे. 1 सप्टेंबर 1893 रोजी, वयाची अवघी 43 वर्षे पुरी होताच, ते निवर्तले.

तेलंगांवर अभ्यासाची सक्ती कोणी केली नव्हती, हे खरे. पण सारेच वकील तेलंग नसतात, आणि कायदा तर कोणासाठी थांबत नाही. 1860 चा दंडविधान जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आल्या. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार नोकरी गेली म्हणजे वकिलाच्या दारी येतो. त्या वकिलाने नवी संहिता उघडलीच नसेल, तर चूक वकिलाची आणि उपासमार कामगाराच्या मुलाबाळांची! इंग्लंडात वकिली करणाऱ्या बॅरिस्टरास आपल्या पुढील अभ्यासाची आखणी व नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे 2010 साली अखिल भारतीय बार परीक्षेचा नियम झाला, परंतु ती एकदाच उत्तीर्ण व्हावयाची.

बार कौन्सिलने ठराविक मुदतीने अभ्यासाचा हिशेब मागावा आणि तालुक्याच्या कोर्टापर्यंत मराठीतून वर्ग चालवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेलंगांनी जे स्वखुशीने केले, ते नियमाने करण्यात वकीलवर्गाचा अपमान नाही. पक्षकाराचे मात्र त्यात रक्षण आहे.