विश्लेषण : ब्रेलमधील गणित देशोदेशी वेगळे का?

लुई ब्रेल यांनी अंधांना अक्षरे आणि आकडे दिले. उच्च गणिताची चिन्हे मात्र पुढे अनेक देशांनी आपापली ठरवली. म्हणूनच आपल्या देशाची गणितलिपी सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर अंध विद्यार्थ्यासमोर आजही पडद्यावरचे समीकरण कसे वाचायचे, हा प्रश्न उभा राहतो.

लुई ब्रेल कोण होते?

जन्म ४ जानेवारी १८०९, पॅरिसजवळच्या कुव्रे गावी. वडील घोड्यांचा चामडी साज बनवत. तिसऱ्या वर्षी खेळताना आरी डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत दाखल झाले.

सहाच ठिपके का?

संस्थेतील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावदार छापलेली असत. ती चाचपून वाचणे संथ आणि लिहिणे त्याहून अवघड. चार्ल्स बार्बिए यांच्या पद्धतीत बारा ठिपके होते. ते एका बोटाखाली मावत नसत. ब्रेल यांनी पंधराव्या वर्षी ते सहावर आणले. १८२९ मध्ये पद्धत प्रसिद्ध झाली, १८३७ मध्ये सुधारली. पण काही काळ संस्थेतच तिच्यावर बंदी होती. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल गेले. संस्थेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

गणिताचा पेच कुठे?

ब्रेल स्वतः बीजगणित आणि भूमिती शिकवत. आकड्यांसाठी पहिली दहा अक्षरेच वापरली जातात, फक्त आधी अंकचिन्ह येते. पण सहा ठिपक्यांच्या आकृत्या जेमतेम ६३. अपूर्णांक, घात, मुळे यांसाठी त्याच आकृत्यांना नवे अर्थ द्यावे लागले. ब्रिटनमध्ये १ म्हणजे अंकचिन्ह आणि वरचा डावा ठिपका. अमेरिकेत अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी तो ठिपका एक पायरी खाली आणला. फ्रान्समध्ये अंध गणितज्ञ लुई आंत्वान यांच्या पद्धतीत त्याला खालचा उजवा ठिपका जोडतात. जर्मनीत मारबुर्ग पद्धत रुळली.

सॉफ्टवेअरला काय करावे लागते?

कागदावरचा अपूर्णांक वर-खाली लिहिलेला असतो, ब्रेलमध्ये तो एका ओळीत मांडावा लागतो. त्यासाठी समीकरणाची रचना ओळखून त्या देशाच्या नियमांनी ठिपके तयार करावे लागतात. ब्रेल यांच्याच नावावरून नाव घेतलेल्या ‘लिब्लुई’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असे नियम वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. तक्ता लिहायला केवळ प्रोग्रामर पुरत नाही. ती लिपी रोज वाचणारा माणूस सोबत लागतो. चुकीच्या देशाचा तक्ता लागला तर ठिपके उमटतात, पण विद्यार्थी भलतेच गणित वाचतो.