रेव्ह. स्टीफन हिस्लॉप व गावच्या शाळेपुढील वाट

जून महिना अर्धा सरला की नागपुरातील गांधीबागेच्या कापडबाजारात खेड्यापाड्यांतून आलेली माणसे दिसू लागतात. पुढे बाप पिशवी घेऊन चालतो व मागून एखादे मूल, नव्या शाळेत जावयाचे म्हणून काहीसे हरखलेले व काहीसे भ्यालेले. गणवेशाचे कापड घेतले, दप्तर घेतले, म्हणजे तयारी झाली असे बापास वाटते. गांधीबागेस लागूनच महाल, म्हणजे भोसल्यांचे जुने शहर. त्या जुन्या शहरात १८४६ साली एका स्कॉच पाळकाने शाळा उघडली. मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलांची खरी तयारी कोणती, हे त्याच्या चरित्रावरून पुष्कळ कळण्याजोगे असल्यामुळे आज ते येथे थोडक्यात सांगतो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. बाप गवंडी होता. गवंड्याच्या मुलाने गवंडी व्हावे ही रीत जशी आपल्याकडे तशीच तिकडेही. पण त्या देशात एक गोष्ट निराळी होती. धर्मसुधारणेच्या वेळी, १५६० साली, जॉन नॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की प्रत्येक मंडळीपाशी एक शाळा असावी, आणि १६९६ साली तसा कायदाही झाला. या गावशाळांचे पंतोजी मुलांस वाचन, लेखन व हिशेब शिकवून थांबत नसत. जो मुलगा हुशार दिसे त्यास ते लॅटिन भाषाही शिकवीत. कारण विद्यापीठाचे दार त्या किल्लीवाचून उघडत नसे. पंतोजीला लॅटिनचा स्वतःस काही उपयोग नव्हता. गावालाही नव्हता. तरी मुलाच्या पुढल्या पायरीस जे लागेल ते मागल्या पायरीवरच त्याच्या पदरात घालावे, हे त्या शाळांचे वळण होते. गवंड्याचा मुलगा हिस्लॉप डन्सच्या गावशाळेतून निघून एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत शिकला, तो या वळणामुळे.

लहानपणापासून त्यांना किडे व दगड गोळा करण्याचा नाद होता. तो नाद पुढे फार फळास आला, ते यथाक्रम सांगेन. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च निराळे झाले. हिस्लॉप त्या पक्षास मिळाले, पाळकपदाची दीक्षा घेतली व विवाह करून पत्नीसह हिंदुस्थानास निघाले. डिसेंबर १८४४ मध्ये ते मुंबईस उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. तेव्हा गादीवर तिसरे रघोजी भोसले होते. राज्य अद्याप खालसा झाले नव्हते. त्या मुलखात आगगाडी नव्हती, छापखाना सहज मिळत नव्हता, आणि इंग्रजी शिकण्यास येणाऱ्या मुलास घरी विचारावयास कोणीही नव्हते.

हिस्लॉप यांनी प्रथम मराठी शिकून घेतली. हे मला विशेष वाटते. शिकवावयाचे होते इंग्रजी, आणि तेच ज्ञानाचे दार अशी डॉ. डफ यांच्या कलकत्त्यातील शाळेपासून मिशनरी लोकांची समजूत. तरी मुलाच्या तोंडची भाषा आपल्याला आल्यावाचून आपली भाषा त्याच्या तोंडी बसावयाची नाही हे त्यांनी ओळखले. १८४७ साली रेव्ह. रॉबर्ट हंटर त्यांस येऊन मिळाले. इंग्रजी शाळेबरोबर मराठी शाळाही चालविण्यात आल्या. शहरातील मोठी शाळा शिखरावर व लहान शाळा पायथ्याशी, असे ते काम होते.

मध्ये एक संकट आले. १८४८ साली बाबा पांडुरंग नावाच्या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा धरून मिशनचा आश्रय घेतला. दरबाराने त्यास ताब्यात घेतले आणि इंग्रज रेसिडेंटानेही दरबाराचीच बाजू धरली. हिस्लॉप यांस याचे अतिशय दुःख झाले. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट नेहमी एकाच अंगाने सांगतो. पण मुलाला दूरच्या शाळेत घातले आणि ते आपले राहिले नाही, ही भीती त्या आईबापांची होती तशी आज आपल्या मंडळीतील आईबापांचीही आहे. शहरच्या शाळेत गेलेला मुलगा घरच्या बोलीस हसू लागतो, बापाची ओळख देण्यास लाजतो. ही भीती खोटी नाही. तिच्यासाठी मुलास घरी बसविणे मात्र चूक आहे.

शाळेतून सुटल्यावर हिस्लॉप हातोडी घेऊन टेकड्या हिंडत. नागपूरजवळ टाकळी येथे १८५१ साली त्यांना व हंटर यांना काळ्या दगडांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे प्राचीन अवशेष सापडले. कामठीकडील सिलेवाडा येथील वालुकाश्मात त्यांनी दगड झालेल्या वनस्पती शोधल्या. युरोपातील विद्वानांत त्यांचे नाव झाले, आणि एका खनिजास हिस्लोपाइट असे नाव मिळाले. रानातील गोंडांकडे जाऊन त्यांनी त्यांची बोली टिपून घेतली व लिंगोचे दीर्घ गीत शब्दशः उतरविले. हे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी छापून प्रसिद्ध केले. ज्यांची भाषा कोणी भाषा मानीत नसे, त्यांच्यापुढे हा विद्यापीठाचा पंडित लेखणी घेऊन शिष्यासारखा बसला. गोंडाचे मूल शाळेत मुके बसते ते मंद म्हणून नव्हे, पुस्तकातली मराठी त्याच्या घरी कोणी बोलत नाही म्हणून. आमच्या कित्येक शिक्षकांना हे अजून उमगलेले नाही.

येथे उपदेशक बंधूंशी थोडे बोलतो. गावातील शाळा चौथीस किंवा सातवीस संपते, तेव्हा मुलापुढे काय येते? आजवर एक गुरुजी होते. ते बापास नावाने ओळखीत. आता विषयागणिक निराळे शिक्षक, तासागणिक घंटा, आणि वर्गात साठ अनोळखी तोंडे. अपूर्णांक कच्चे राहिले असतील तर बीजगणित उभेच राहत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत चार मुले देवळाच्या ओसरीवर बसवा. पुढील इयत्तेचे जुने पुस्तक मागून आणा, ते मोठ्याने वाचून घ्या, पाढे व अपूर्णांक घोटून घ्या. शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस मुलास तेथे नेऊन आणा, एस.टी. कोठे थांबते, पाणी कोठे आहे, मुलींसाठी सोय कशी आहे, हे डोळ्यांनी पाहू द्या. आणि दाखला तपासा. आपल्यात बाप्तिस्म्याचे नाव एक, घरचे एक व शाळेतील तिसरेच असते. मूल शाळेत आहे तोवर नोंदवहीतील चूक दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होते.

मी हे अधिकाराने सांगत नाही. माझ्या मंडळीतील एक मुलगी सातवीनंतर घरी बसली. पुढची शाळा तीन कोसांवर, आणि सोबतीला कोणी नव्हते. ती शाळेत जात नाही हे मला नाताळात कळले, कारण गीतांसाठी मुले निवडताना ती दिवसाही घरी सापडली. जूनमध्ये मी विचारले असते तर त्याच रस्त्याने जाणाऱ्या दोन मुली शेजारच्या गावात होत्या.

आता हिस्लॉप यांचा अंतकाळ. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले होते व १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. टेंपल साहेब त्या प्रांताचे मुख्य अधिकारी; त्यांचा व हिस्लॉप यांचा स्नेह होता. सप्टेंबर १८६३ मध्ये दोघे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले. पुरातन वस्तू, थोर अधिकारी, मनाजोगता विषय. असा दिवस विद्वानास नेहमी लाभत नाही. तरी त्या दिवशी, म्हणजे ४ सप्टेंबरला, हिस्लॉप बोरी गावी, आजच्या बुटीबोरीस, मागे राहिले. तेथे एक शाळा होती आणि तिच्यातील मुलांची परीक्षा त्यांना घ्यावयाची होती.

परीक्षा घेऊन ते घोड्यावर एकटे निघाले. पाऊस झाला होता व वाटेतील नाला भरला होता. काही वेळाने घोडा एकटाच मुक्कामावर आला. माणसे शोधास धावली, तेव्हा पाण्यात त्यांचे प्रेत सापडले. आणखी चार दिवसांनी त्यांस सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती.

त्यांच्या शाळेतून पुढे १८८३ साली महाविद्यालय उभे राहिले. तेच नागपूरचे हिस्लॉप कॉलेज. गांधीबागेत कापड घेण्यास आलेल्या बापाने वेळ काढून मुलास तेथवर न्यावे आणि फाटकाबाहेरून का होईना, ती इमारत दाखवावी. परतीची एस.टी. बुटीबोरीवरून जाणारी असेल तर खिडकीशी मुलाला बसवावे, आणि ते गाव आले की ही गोष्ट त्यास सांगावी.