कै. डॉ. इरावतीबाई कर्वे

भगिनींनो, लग्न झालेल्या बाईला गाव विचारले की ती क्षणभर घुटमळते. माहेर सांगावे की सासर? माणूस मूळचा कोठला आणि कोणाचा, याच प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर अभ्यास केला, त्या इरावतीबाईंची ही अल्पशी ओळख. मी सातवीच शिकलेली. चूकभूल पदरात घ्यावी.

बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे इंजिनियर होते. तेथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेत शिकण्यास धाडले. आईबाप परमुलखात नि लेक येथे! पण रँग्लर परांजप्यांच्या घरी तिला पोटच्या लेकीची माया मिळाली.

पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्या एम. ए. झाल्या. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या महर्षींनाही सुनेने जर्मनीस जाणे पसंत नव्हते. पण दिनकरराव पाठीशी उभे राहिले. बर्लिनला बाईंनी माणसांच्या कवट्या मोजल्या. गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण निराळी, असे त्यांच्या गुरूंना वाटे. मोजमापात तसे दिसले नाही, आणि बाईंनी न भिता तसेच लिहिले. १९३० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव हिंडून त्यांनी नातीगोती अभ्यासली. १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेत मुलगी दूर, अनोळखी घरी देतात. दक्षिणेत पुष्कळदा नात्यातच देतात. आपल्याकडे दोन्ही चाली आहेत. मामाच्या घरची मुलगी सून म्हणून येते, हे आपण पाहतोच.

कोयना धरणामुळे उठलेल्या कुटुंबांचीही त्यांनी पाहणी केली. गाव पाण्याखाली गेले म्हणजे जमिनीबरोबर शेजार, सोयरीक, देऊळही जाते, हे येलदरीजवळच्या आपणांस वेगळे सांगायला नको. ‘युगान्त’ या त्यांच्या पुस्तकास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, चारठाण्यात नवी सून येते, कोणी बदलीवर येते, कोणी पोटासाठी येते. तिला परकी म्हणून ओट्यावरूनच परत लावू नका. हळदीकुंकवाला आधी तिला बोलवा. सात वर्षांच्या इरावतीला परक्या घरी जागा मिळाली, म्हणून पुढचे सारे घडले.