गल्लीलाही घर मानणारे अख्तर हमीद खान

आपल्या वस्त्यांमध्ये घराचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून बिल्डर, दलाल आणि नगरसेवक यांच्यापाशीच येतं. म्हणून आज आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देतोय, ज्यानं हा प्रश्न थेट गल्लीत राहणाऱ्यांपुढे ठेवला.

अख्तर हमीद खान यांचा जन्म 1914 साली आग्र्यात झाला. तरुण वयात ते आयसीएस झाले, बंगालमध्ये नेमणूक मिळाली. 1943 चा भीषण दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला आणि 1945 मध्ये त्या रुबाबदार नोकरीचा राजीनामा दिला. मग काय केलं? अलीगढजवळच्या एका खेड्यात मजुरी केली, कुलपं बनवण्याचं काम शिकले. पुढे दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिकवलं. 1950 मध्ये ते पाकिस्तानात गेले. आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्ला इथं छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करण्याचं त्यांचं काम गाजलं. 1963 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण आमच्या मते त्यांचं सर्वात मोठं काम पासष्टी ओलांडल्यावर सुरू झालं. 1980 मध्ये ते कराचीच्या ओरंगी या अवाढव्य कच्च्या वस्तीत आले. 1971 नंतर पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेले बिहारी, शिवाय मुहाजिर, पठाण, पंजाबी असे सगळे इथं राहत होते. सरकारी जमिनीचे तुकडे दलालांनी पाडून विकलेले. घरं लोकांनी स्वतःच बांधलेली, पण गटार नाही. मैला गल्लीतच वाहायचा, भिंतींत ओल चढायची, मुलं आजारी पडायची.

खान साहेबांनी आल्या आल्या योजना जाहीर केली नाही. कित्येक महिने ते गल्ल्या फिरले, लोकांचं ऐकलं. त्यांच्या लक्षात आलं की अडचण फक्त पैशाची नाही. गटार सरकारनं फुकट द्यावं ही समजूत, शेजाऱ्यांमध्ये नसलेली एकी, ठेकेदाराचे चढे दर आणि तांत्रिक माहितीचा अभाव, अशा चार गाठी होत्या. घराचा उंबरा ओलांडला की गल्लीही आपल्याच घराचा भाग, हे त्यांनी लोकांना पटवलं.

रीत साधी होती. वीस-तीस घरांची एक गल्ली. गल्लीनं आपल्यातलाच एक माणूस निवडायचा, वर्गणी त्यानंच गोळा करायची. ओरंगी पायलट प्रोजेक्ट पैशाला हात लावत नसे. मोजणी, नकाशा, अवजारं आणि शिकवणं एवढंच ते देत. घरातला संडास आणि गल्लीतली पाइपलाइन लोकांची, मोठा नाला आणि सांडपाणी शुद्धीकरण सरकारचं. ठेकेदाराचा नफा वगळल्यामुळे खर्च कित्येक पटीनं उतरला. हजारो गल्ल्यांत हे काम झालं.

पुढे लक्ष घरांकडे वळलं. वस्तीतले लोक थल्ल्यावरून, म्हणजे बांधकाम साहित्याच्या वखारीतून, उधारीवर माल घेत. तिथले हातानं पाडलेले ब्लॉक कच्चे असत, भिंतींना तडे जात. प्रोजेक्टनं बाहेरून बिल्डर आणला नाही. थल्लेवाल्यालाच कर्ज, यंत्र आणि सिमेंट-वाळूचं योग्य प्रमाण दिलं. गवंड्यांना पाया, छत आणि हवा-उजेड यांचं शिक्षण दिलं. ब्लॉक मजबूत झाले आणि उधारीची जुनी सोयही टिकली.

खान साहेबांचा 9 ऑक्टोबर 1999 रोजी अमेरिकेत इंतकाल झाला. त्यांच्या हाताखाली घडलेल्या आर्किटेक्ट परवीन रहमान यांनी काम पुढे नेलं. गरिबांच्या जमिनीच्या नोंदी त्या तयार करत होत्या. 2013 मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गरिबाच्या घराचा हिशेब मांडणं किती जणांना खुपतं, हे त्यावरून कळतं.

मुंब्रा, गोवंडी, भिवंडी, मालेगावच्या गल्ल्या ओरंगीपेक्षा फार वेगळ्या नाहीत. महापालिकेकडे आपला हक्क मागायलाच हवा, तो सोडायचा नाही. पण अर्ज घेऊन जाताना आपल्या गल्लीचा नकाशा, घरांची मोजणी आणि खर्चाचा अंदाज हातात असेल, तर साहेबाला टोलवाटोलवी करणं जड जातं. आणि हे तिन्ही कागद वीस घरं मिळून तयार करू शकतात.