भास्कराचार्य : भुजा, कोटी आणि कर्ण

घराचे छप्पर शाकारताना सुतारापुढे पहिला प्रश्न असतो तो वाशाच्या लांबीचा. भिंतीपासून आढ्याखालच्या मध्यरेषेपर्यंतचे आडवे अंतर आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ही दोन मापे हाती असतात. तिरकस वासा मात्र गणिताने काढावा लागतो. उंचीला आडव्या अंतराने भागले की पाख्याचा उतार कळतो, आणि दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ काढले की वाशाची लांबी. हे गणित सुबोध करून शिकविणाऱ्या आचार्यांत भास्कराचार्यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्यातील पाटीगणिताचा भाग. आठ यवांचे अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा हात अशा व्यवहारातल्या मापांपासून तो आरंभ होतो. वाऱ्याने मोडलेला बांबू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप यांच्या निमित्ताने विद्यार्थी काटकोन त्रिकोणात रमतो.

परंतु आचार्यांची खरी दृष्टी दिसते ती अवघड जागी. भुजा तीन आणि कोटी चार असता कर्ण पाच येतो, हे सोपे. भुजा व कोटी दोन्ही सव्वातीन असतील तर? वर्गांची बेरीज १६९/८ होते आणि तिचे मूळ पूर्ण सुटत नाही. आचार्य येथे थांबत नाहीत. १६९ ला ८ ने आणि पुन्हा १०,००० ने गुणून जवळचे मूळ ३६७७ घ्यावे व त्यास ८०० ने भागावे, असा मार्ग ते दाखवितात. उत्तर येते ४ पूर्णांक ४७७/८००. हे उदाहरण छपराचे म्हणून दिलेले नाही. पण ४५ अंशांच्या पाख्याला ते नेमके लागू पडते. सव्वातीन हातांच्या त्या मापांना वासा चार हात आणि चौदा अंगुळांहून किंचित अधिक हवा. वळचणीसाठी पुढे काढायचा भाग निराळा. या उत्तरातील चूक एका हाताच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आहे. अचूक उत्तर नसले तरी कामाला पुरेसे उत्तर शोधता येते, हा धडा त्यात आहे.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. म्हणजे उतारवयातही लेखणी थांबली नव्हती. पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या, तर नातू चांगदेव सिंघणाच्या आश्रयास होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. १२०७ मधील तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. पुढे १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत.

ग्रंथ कितीही थोर असला तरी तो शिकविणारी जागा लागते. नातवाने हे ओळखून ती उभारली. महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठीतून गणित शिकविणाऱ्या आपल्या शाळेचा हीरक महोत्सव साजरा करताना, पाटणच्या त्या मठाचे स्मरण आपल्यावरील जबाबदारीचेही स्मरण ठरावे.